प्रश्न तुमचे : हॉलमधला लोखंडी गर्डर कशाने झाकावा?

प्रश्न : हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत इंजिनिअरच्या सल्ल्याने काढून तिथे आयएसएमबी २०० (‘I’ आकाराचा, २०० मिमी उंचीचा) गर्डर टाकला आहे. लांबी १२ फूट, वर पहिल्या मजल्याचा स्लॅब. सुतार प्लायवूडचा बॉक्स करू म्हणतो, फॉल्स सीलिंगवाला साध्या जिप्सम बोर्डाचा. आगीचा विचार करता काय योग्य? आधी फायर पेंट मारून घेतला तर?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : प्लायवूड नकोच. आग लागली तर ते गर्डरलाच चिकटलेलं जळण ठरतं. लोखंड जळत नाही, पण सुमारे ५५० अंश सेल्सिअसला त्याची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते. खोली पूर्ण पेटली की हे तापमान सहज ओलांडलं जातं, आणि तुमच्या गर्डरवर तर अख्खा मजला आहे. म्हणून किमान एक तासाचं संरक्षण धरून चाला.

त्यासाठी १५ मिमी आगरोधक जिप्सम बोर्डाचे दोन थर लावा. या बोर्डाचा कागद बहुधा गुलाबी असतो, तरी मागचा छाप वाचूनच घ्या. जिप्सममध्ये वजनाच्या साधारण एक पंचमांश पाणी बांधलेलं असतं. ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत बोर्डामागचं तापमान शंभराच्या आसपास रेंगाळतं. त्यानंतर साधा बोर्ड तडकून गळतो; आगरोधक बोर्डातले काचतंतू त्याला धरून ठेवतात. किती जाडीने किती वेळ मिळेल हे गर्डरच्या मापावर ठरतं. तीन बाजूंनी बॉक्स केलेल्या तुमच्या गर्डरचा सेक्शन फॅक्टर, म्हणजे तो किती लवकर तापेल हे सांगणारा आकडा, सुमारे १५५ येतो (५०० मिमी परिघ भागिले ३२३० चौ. मिमी क्षेत्रफळ, उत्तर प्रतिमीटरमध्ये). हा आकडा बोर्ड कंपनीच्या तक्त्यात पडताळून मगच माल घ्या. सहा बाय चारचे तीन बोर्ड पुरतील.

गंज वायरब्रशने काढून झिंक फॉस्फेट प्रायमर मारा. एकदा झाकल्यावर आत हात जाणार नाही. सांगाडा लाकडी पट्ट्यांचा नको, जीआय अँगलचा करा. वरचे अँगल स्लॅबला मेटल अँकरनेच बसवा. प्लास्टिकचे गट्टू आगीत वितळतात आणि बोर्ड शाबूत असूनही बॉक्स खाली येतो. इंजिनिअरला विचारल्याशिवाय गर्डरच्या फ्लँजला (वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांना) भोकं पाडू नका. पहिला थर २५ मिमी स्क्रूने, ३०० मिमी अंतरावर. दुसरा ४५ मिमी स्क्रूने, २०० मिमीवर, आणि तो अँगलमध्येच पकडला पाहिजे. दोन थरांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका, निदान ३०० मिमी सरकवा. पहिल्या थराचे सांधेही कंपाउंडने भरून घ्या. मिस्त्री हे टाळतात, कारण ते दिसत नाही.

सगळ्यात जास्त चुका टोकांशी होतात. बॉक्स भिंतीला आणि स्लॅबला भिडतो तिथे बोटभर फट राहते, ती पीओपीने लिंपतात आणि वर पुट्टी मारतात. ती पुट्टी सुकली की तडकते आणि गरम हवेला तिथूनच वाट मिळते. फटीत रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) दाबून बसवा, वरून फायर सीलंट भरा. बॉक्सला भोक पाडून एलईडी डाउनलाइट बसवायचा मोह तर अजिबात नको. दिवे हवेतच असतील तर बॉक्सच्या बाहेरून वेगळी पट्टी करा. वर बाथरूम असेल तर आधी गळती थांबवा, ओला जिप्सम टिकत नाही.

फायर पेंट तापल्यावर कित्येक पट फुगतो आणि त्या फेसानेच लोखंड वाचवतो. घट्ट बॉक्सच्या आत त्याला फुगायला जागा नसते, म्हणून दोन्हींपैकी एकच करा. गर्डर उघडा दिसायला आवडत असेल तर पेंट चांगला, पण त्याच कंपनीला चालणाऱ्या प्रायमरवर, आणि थराची जाडी ती मोजायच्या यंत्राने तपासून.

कोणी जाळी बांधून काँक्रीटने मढवू म्हणेल. त्याने आगीपासून संरक्षण उत्तम मिळतं, पण ५० मिमी आवरणाचं वजन मीटरला शंभर किलोच्या वर जातं. बोर्डाच्या दोन थरांचं पंधरा-सोळा किलो भरतं. हा जादा भार गर्डरच्या हिशेबात धरला होता का, ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय काँक्रीट नको.