कारखान्याने पगारातून पीएफ कापला पण भरला नाही, साखर बँकेकडे तारण आहे. पेन्शन बुडेल का?

पेन्शन बुडत नाही. 'हप्ते आलेच नाहीत, तेवढी वर्षं धरता येणार नाहीत' असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल तर ते मानू नका. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ मध्ये वर्गणी जमा झालेला आणि मालकाकडून येणे असलेला, असा दोन्ही काळ पेन्शनसाठी धरला जातो. वसुली हे पीएफ कार्यालयाचं काम आहे, त्याचा भुर्दंड कामगाराला नाही.

बँकेचा हक्क आधी, ही समजूत मात्र कामगारांच्या डोक्यातून एकदाची गेली पाहिजे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात लढवला होता. साखर कारखान्यांनी साखरेची पोती तारण ठेवून कर्ज उचललं, पीएफ थकवला, आणि पीएफ कार्यालयाने बँकेच्या ताब्यातल्या पोत्यांवरच जप्ती आणली. बँक म्हणाली, माल तारण आहे, आधी आमचे पैसे. ऑक्टोबर २००९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. तारण ठेवला तरी माल कारखान्याच्याच मालकीचा राहतो, आणि १९५२ च्या पीएफ कायद्याचं कलम ११(२) त्यावर पीएफच्या थकबाकीचा पहिला बोजा ठेवतं, म्हणजे त्यातून आधी पीएफ वसूल व्हायचा. या थकबाकीत कलम ७क्यूचं वर्षाला १२ टक्के व्याज आणि १४बीचा दंडही धरला गेला. सहकाराचा कळवळा सांगणाऱ्या संचालकांनी आणि त्यांना कर्जं देणाऱ्यांनी हा निकाल भिंतीवर लावावा. कारखाना दिवाळखोरीत गेला तरी पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीचे पैसे अवसायनाच्या, म्हणजे विकून देणी भागवायच्या, मालमत्तेत धरले जात नाहीत.

पीएफ कार्यालयाकडच्या तक्रारी पडतात त्या पुराव्याअभावी. नुसता 'सगळ्यांचा पीएफ थकलाय' असा अर्ज निरुपयोगी. प्रत्येकाचं नाव, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक), कोणते महिने, किती पगार, असा तक्ता करा. सोबत कपात दाखवणारी पगारपत्रकं, हजेरी कार्ड, ईएसआय कार्ड, पगार जमा झाल्याचं बँक पासबुक जोडा. अर्जात कलम ७एची, म्हणजे किती पीएफ थकला ते ठरवणारी, चौकशी स्पष्ट मागा. ती करणाऱ्या पीएफ अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे कागद मागवण्याचे अधिकार असतात. कारखान्याचे पैसे तिसऱ्याकडे येणे असतील, उदाहरणार्थ साखर घेतलेल्या व्यापाऱ्याकडे, तर त्याचं नाव द्या. कलम ८एफखाली ते थेट पीएफकडे वळवता येतात. ठेकेदाराकडचे कामगार असाल तर मूळ कारखान्यालाही जबाबदार धरायला सांगा.

कामगाराचा कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे. 'कारखाना तोट्यात होता' म्हणणाऱ्या मालकाने तुमच्या पगारातून मात्र दरमहा कापून घेतलेलंच असतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. 'बुडत नाही' हे फक्त पेन्शनच्या वर्षांबद्दल आहे. पीएफ खात्यातली शिल्लक वसुलीवरच अवलंबून राहते. आणि मासिक पेन्शनला किमान १० वर्षांची सेवा लागते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मुदत घातली आहे, म्हणून जुन्या थकबाकीचा अर्ज युनियनच्या पुढच्या बैठकीपर्यंत थांबवू नका.