सरावाची सेबर कोणती घ्यावी: खानापूरच्या मित्राच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही तिघे खानापूर, शहापूर आणि निपाणीचे. लहानपणापासून मर्दानी खेळात आहात, लाठी, फरी-गदगा (ढाल आणि काठीचा खेळ) आणि पट्ट्यावर हात बसलेला आहे. आता जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून सेबर, म्हणजे एका हाताने चालवायची युरोपी तलवार, शिकायची आहे. १८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोने बेळगावच्या किल्ल्याला वेढा दिला, त्या काळातली म्हणून १७९६ च्या घोडदळी सेबरची बोथट नक्कल मनात भरली आहे. ती परदेशातून मागवायची, बाजारातली शोभेची तलवार बोथट करून घ्यायची, की बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातल्या मित्राकडून लेझरवर पाते कापून घ्यायचे, एवढेच ठरायचे आहे. तुमच्यातला एक जण डावरा आहे.

मागवायचीच असेल तर परदेशातूनच मागवा, पण १७९६ ची नक्कल मागवू नका. ६५० ते ७५० ग्रॅम वजनाची, टोकाकडे चांगली लवणारी आणि वाटीसारख्या परजेने (मुठीवरचे हाताचे कवच) अख्खी मूठ झाकणारी सेबर घ्या. तीन वेगवेगळ्या घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्या. एकाच्या हातात हलकी आणि दुसऱ्याच्या हातात जड असली की हलकीवाला नुसता अंग चोरत राहतो, शिकत कोणीच नाही.

१७९६ ची सेबर ल मार्शाँ नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने घडवलेली. पाते जवळपास ८३ सेंटिमीटर, चांगले वाकडे, टोकाकडे रुंद होत जाणारे. वजन एक किलोच्या आसपास. घोड्यावरून जाता जाता एक वार नीट बसावा म्हणून ती तशी आहे आणि त्या कामात ती फार चांगली होती. पण तुम्ही समोरासमोर पायावर उभे राहून खेळणार. तिथे सर्वात जास्त मार कुठे बसतो? हाताच्या पंजावर आणि मनगटावर. समोरच्याचा तोच भाग आपल्या सर्वात जवळ असतो. १७९६ च्या मुठीला एकच पट्टी असते, घोड्याच्या रिकिबीसारखी वळलेली. तिच्या दोन्ही बाजूंनी बोटे उघडीच राहतात. मग बोटांसाठी जाडजूड हातमोजे घ्यावे लागतात, ते घातले की पंजा त्या पट्टीच्या आत नीट बसत नाही, आणि अंगठा मुठीच्या पाठीवर ठेवता येत नाही.

हा अंगठ्याचा मुद्दा तुम्हा तिघांसाठी सर्वात महत्त्वाचा आहे. आपल्या तलवारीच्या मुठीला वर कटोरी असते. ती मनगटाला अडते, म्हणून तलवार मूठ आवळून धरायची आणि खांद्यातून ओढून वार करायचा, हे अंगात भिनलेले असते. पट्ट्यात तर मनगट लोखंडी खोळीतच असते, सगळा हात एकसंध फिरतो. सेबरची मूठ वेगळी धरतात. अंगठा पाठीवर सरळ, पहिल्या दोन बोटांत पकड, शेवटची दोन बोटे सैल. वार करताना ती आवळायची, वार झाला की पुन्हा सैल सोडायची. पट्टा खेळलेला माणूस जड सेबर हातात घेतो तेव्हा आपोआप जुन्या सवयीवर जातो, कारण जड पाते बोटांनी आवरत नाही. मग वारही खांद्यातून येतो आणि जोडीदाराच्या डोक्यावर जेवढ्या जोराने बसायला हवा त्याच्या दुप्पट जोराने बसतो. हलकी सेबर घ्या म्हणतो ते यासाठी.

इतिहासाची ओढ मला समजते, मलाही ती आहे. कॅप्टन नोलनने १८५३ साली छापलेल्या घोडदळावरच्या पुस्तकात निजामाच्या स्वारांची हकिगत आहे. त्यांनी इंग्रजांच्या टाकून दिलेल्या जुन्या सेबरी घेतल्या, त्यांना देशी मुठी बसवल्या, पात्यांना वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लोखंडी म्यानाऐवजी लाकडी म्यानात ठेवल्या. पाते इंग्रजांचेच, पण त्याने झालेल्या जखमा पाहून इंग्रज अधिकारी चक्रावले. बेळगावच्या आसपास हा विषय शिकणाऱ्याने ही हकिगत जरूर वाचावी. तिथेही फरक पडला तो मुठीने, धारेने आणि चालवण्याच्या पद्धतीने. तुम्हाला जी पद्धत शिकायची आहे तिला शोभणारी मूठ निवडा.

म्हणून आधी पुस्तक ठरवा. १७९६ चे घोडदळी नियम घोड्यावरचे आहेत, ते मैदानात पायावर उभे राहून करण्यात फार अर्थ नाही. पायदळाच्या अधिकाऱ्यांसाठी हेन्री अँजेलोने बसवलेली १९ व्या शतकातली कवायत, किंवा आल्फ्रेड हटनचे १८८९ चे पुस्तक, यापैकी एक घ्या. हटनने इटालियन वळणाची हलकी सेबर गृहीत धरली आहे. मिलानचा तलवारबाजीचा शिक्षक राडाएली याच्या पद्धतीत कोपरातून मोठे फिरते वार आहेत, पट्टा खेळणाऱ्यांना ती लवकर जमेल असे मला वाटते. या तिन्हींना मी वर सांगितलेली सेबर चालते.

आता निवडताना काय बघायचे. पाते ८० ते ८५ सेंटिमीटर. तोल परजेपासून १० ते १३ सेंटिमीटरवर, बोटावर आडवी ठेवून बघता येतो. टोक गोल वळवलेले किंवा चपटे पसरवलेले हवे, नुसते कापून गोल घासलेले नको. धारेची कड दीड ते दोन मिलिमीटर जाड आणि कोपरे मोडलेले. मूठ पाहताना हातमोजा घालूनच पाहायची.

लवचिकता फोटोवरून कळत नाही, विकणाऱ्याला विचारावी लागते आणि हातात आल्यावर तपासावी लागते. वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवा, सेबर उभी धरून टोक फळीवर टेकवा आणि मुठीवर हळूहळू दाब द्या. चेहरा बाजूला ठेवा, डोळ्यांवर काहीतरी असू द्या. पाते कमानीसारखे वाकायला लागेल त्या क्षणी काटा किती दाखवतो ते जोडीदाराने बघायचे. माझा स्वतःचा नियम असा: दहा किलोच्या आत वाकली तर सरळ भोसकण्याचा सराव तिने करता येतो. पंधरा किलोलाही ताठ राहिली तर ती सेबर फक्त वारांसाठी, टोक चालवायचे नाही. शिवाय वाकण्याची जागा टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात हवी. मुठीजवळ वाकत असेल तर पाते तिथेच तुटेल. दाब काढल्यावर पाते पूर्वीसारखे झाले पाहिजे.

उद्यमबागेतल्या मित्राबद्दल. तिथल्या कारागिरीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण पाते त्याच्याकडून करून घेऊ नका. चांगल्या पात्याची जाडी परजेपाशी सहा-सात मिलिमीटर असते आणि टोकाकडे दोन-अडीचपर्यंत उतरत जाते. ताठपणा कुठे संपतो आणि लवचिकता कुठे सुरू होते ते या उताराने ठरते. लेझरवर कापलेली प्लेट सगळीकडे एकाच जाडीची. पाच मिलिमीटरची घेतली तर टोक सळईसारखे ताठ, तीनची घेतली तर मुठीजवळ लेचीपेची. उतार ग्राइंडरवर काढता येतो, पण मग पाणी देण्याचा, म्हणजे तापवून बुडवून कडक करण्याचा, प्रश्न येतो. एवढे लांब, पातळ आणि वाकडे पाते तेलात बुडवले की पिळवटते. ट्रकच्या पाट्याचे पोलाद मुळात चांगले असते. पण ग्राइंडरखाली ते फार तापले की तिथले पाणी उतरते, आणि तेवढाच भाग मऊ होतो. कडकपणा रॉकवेल या मापावर ४८ ते ५२ च्या दरम्यान हवा. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे तो मोजता येतो, पण तो मुठीपासून टोकापर्यंत सारखा मिळवणे हे वेगळेच कसब आहे. आणि मुठीत जाणारा पात्याचा दांडा जिथे सुरू होतो तो आतला कोपरा काटकोनात कापलेला असला तर तडा तिथूनच जातो. तुटलेल्या पात्याचे टोक धारदार असते आणि ते हवेत कुठे जाईल ते कुणाच्या हातात नसते.

मित्राला काम मात्र द्या. दीड मिलिमीटर पत्र्याची वाटीसारखी परज ठोकून घेणे, ढिली झालेली मूठ बसवणे, मोगऱ्याचा (मुठीच्या टोकाचा गोळा) नट बदलणे, हे त्याच्याइतके चांगले कुठे होणार नाही. त्यासाठी मागवतानाच नटाने आवळलेली मूठ मागा, रिबीट केलेली नको. पाते गेले तर नुसते पाते बदलता येते.

शोभेच्या तलवारीबद्दल फार लिहीत नाही. स्टेनलेसचे पाते आणि आत वेल्डिंग केलेला बोटभर दांडा. शिवजयंतीच्या मिरवणुकीत हातात धरायला ठीक, दुसऱ्या पात्यावर आपटायला नाही. ऑलिंपिक खेळातली सेबर, भवानीदेवी खेळते ती, ५०० ग्रॅमच्या आत असते. पायांच्या हालचाली आणि अंतराचा अंदाज यासाठी उत्तम, पण जड पात्याचा वार तिने अडवता येत नाही, म्हणून मिसळून खेळू नका.

युरोपातली चांगली सेबर साधारण २०० ते ३०० युरोंना पडते, वाहतूक आणि कस्टम वेगळे. पैसे भरण्याआधी कस्टम एजंटला विचारा आणि बिलावर बोथट क्रीडासाहित्य असे स्पष्ट लिहून घ्या. तोवर थांबून राहायचे कारण नाही. इंग्रज सैनिकही सेबरचा सराव चामड्याची किंवा वेताची टोपली बसवलेल्या काठीने करत. आपला गदगा तिचाच भाऊबंद आहे. वेताच्या काठीला चामड्याची परज शिवून घ्या आणि दोन-तीन महिने अंगठ्याची पकड त्यावर बसवा. नायलॉनची सेबरही मिळते, पण तिचे पाते दुसऱ्या पात्यावर आदळून उडते, पात्याला पाते टेकवून ठेवण्याचा सराव तिने होत नाही. मी काठीच्या बाजूचा.

पैसे कमी पडले तर सेबर एक घ्या, पण मास्कवर वाचवू नका. जाळीचा मास्क किमान ३५० न्यूटनचा (जोर सोसण्याचे माप), जमल्यास १६०० चा, आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जाड गादी शिवून घ्या, कारण खेळाचा मास्क मागे उघडा असतो. गळ्याला ताठ पट्टा. क्रिकेटचे एल्बो गार्ड आणि ॲब्डोमेन गार्ड चालतात. बॅटिंगचे ग्लोव्ह बोटांच्या वरच्या अंगाला ठीक, पण मनगट उघडे राहते, तिथे वेगळे काही बांधा.

डावऱ्या मित्रासाठी: वाटीची परज बहुतेक एका बाजूला जास्त रुंद असते आणि ती उजव्या हाताचा विचार करून असते. त्याच्यासाठी डावी मागवा, किंवा दोन्ही बाजूंना सारखी असलेली परज दोन्ही सेबरींना घ्या. तुम्ही आलटून पालटून वापरणार म्हणून मी दुसरे सुचवीन.

प्रत्येक सरावानंतर कडेवर बोट न लावता कापड फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे बर (धातूचा बारीक खरबरीत काटा) आलेली असते, ती बारीक कानशीने काढा, नाहीतर जोडीदाराचे जाकीट आणि कातडी दोन्ही फाटतील. आपल्याकडे जूनपासून हवेतच पाणी असते, एका रात्रीत तांबेरा चढतो. शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्या आणि पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नका.

आणि नेताना बंद पिशवीतच न्या. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तलवार येते, अधिसूचित भागात परवाना लागतो, आणि तुमचे पाते बोथट आहे हे नाक्यावरच्या पोलिसाला लांबून दिसत नाही. मैदान ठरले की जवळच्या ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, सोबत फोटो जोडा. १ नोव्हेंबरच्या आसपास, निवडणुकीत किंवा जमावबंदी असेल तेव्हा सेबर घरी ठेवा आणि काठीवरही बंद दाराआडच सराव करा. वजनकाट्याची चाचणी केलीत की आकडे इथे टाका, पात्याची जाडी तीन ठिकाणी मोजून तीही लिहा, मग पुढचे बोलू.