आवाज सुकाणूपर्यंत पोचला पाहिजे

प्रश्न : माझी मुलगी १८ वर्षांची. पुण्यात कॉलेजला आहे, एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये. जानेवारीत शिडाच्या बोटीतून कोकण किनाऱ्याने दहा दिवसांची सफर आहे. नाव तिनेच दिलं आणि आता तिलाच झोप लागत नाही. फार अबोल आहे. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. आमच्या घरात कुणी समुद्रात पाय भिजवण्यापलीकडे गेलेलं नाही. अशा सफरीने मुलं धीट होतात म्हणतात; पण तिथे सगळ्यांसमोर फजिती झाली, तर ती आणखी मिटून जाईल का?
– एक आई, बारामती

उत्तर : ताई, मी वेंगुर्ल्याचा. नौदलातून निवृत्त होण्याआधी तीन वर्षं एनसीसीच्या मुलामुलींना बोट शिकवत होतो. तुमच्या मुलीसारखी बरीच मुलं माझ्यासमोर बसली आहेत, म्हणून जे पाहिलं तेच सांगतो.

या सफरींची बोट म्हणजे बहुधा व्हेलर. २७ फूट लांब, वर छप्पर नाही. शीड आणि पाच वल्ही. हिवाळ्यात सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो. दहा-अकराला तो पडतो आणि दुपारचा दर्यावरचा वारा धरेपर्यंत बोट जागच्या जागी डुलत राहते. मुलं खचतात ती तेव्हा. ऊन डोक्यावर, पोट ढवळतंय, आणि वल्हं तर मारायचंच. बोट लागली की कॅप्टन असो की नवखा, सगळे काठावरून वाकतात. त्यात फजिती कसली? पहिल्या दिवशी निम्मी बोट ओकते आणि दुसऱ्या दिवशी तीच मुलं एकमेकांना पाणी देतात.

आता तिच्या अबोलपणाबद्दल. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एकाला नजर ठेवायला बसवतात. आपल्या किनाऱ्याला मासेमारीच्या जाळ्यांचे बोये, म्हणजे खुणेचे तरंगते गोळे, जागोजागी असतात. सुकाणू जाळ्यात अडकलं की तास गेला. शिडामुळे सुकाणूवाल्याला समोरचं नीट दिसत नाही. त्यामुळे नाळेवरच्याने ओरडून सांगायचं, डावीकडे की उजवीकडे, किती लांब. एका सफरीत मी मराठवाड्यातल्या एका मुलाला तिथे बसवलं. समुद्र त्याने त्याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता. श्रीवर्धनच्या अलीकडे त्याला बोया दिसला, पण तो गप्प राहिला. मीच ऐन वेळी बोट वळवली. विचारलं तर म्हणाला, "सर, खात्री नव्हती." मी त्याला रागावलो नाही. म्हटलं, चुकीचं सांग, पण सांग. चूक निघाली तर बोट थोडी वळेल, एवढंच. दिवसभर त्याला तिथून उठवलं नाही. आधी पुटपुटला. मग दोनदा तरंगता ओंडका पाहून "जाळं" ओरडला, कुणी हसलं नाही. दाभोळला पोचेपर्यंत त्याचा आवाज मागे सुकाणूपर्यंत स्वच्छ येत होता.

तो मुलगा संध्याकाळी जेवताना मात्र पहिल्यासारखाच गप्प असायचा. मला ते आवडायचं. स्वभाव तोच राहिला, गरज पडली की आवाज निघू लागला. तुम्ही एवढीच अपेक्षा ठेवा. मुलगी बडबडी होऊन परत येणार नाही.

आणि भीती सरावानेच आवाक्यात येते, एका उडीत नाही. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा अधिकारी मुली गोव्यात बांधलेल्या 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या. त्यांनीही आधी 'म्हादेई' या नौदलाच्या दुसऱ्या शिडाच्या नौकेवर मॉरिशसपर्यंत जाऊन हात बसवला होता. तुमच्या मुलीलाही सफरीआधी सरावाचे दिवस मिळतील. त्यातला एकही तिने चुकवू नये.

तुम्ही एक काम करा. तिच्या इन्स्ट्रक्टरना सरळ विचारा : सोबत सुरक्षा बोट आहे का, लाइफ जॅकेट सतत अंगात असतं का, पोहण्याची परीक्षा झाली का. आईने विचारलेलं चांगल्या इन्स्ट्रक्टरला खटकत नाही. आणि ती परत आल्यावर "घाबरलीस का?" असं विचारू नका. एक दोरी हातात द्या आणि बोलाइनची गाठ, म्हणजे खलाशांचा न सरकणारा फास, मारून दाखव म्हणा.

सोबत दशम्या द्या, भाजलेले शेंगदाणे द्या. लाडू नकोत, बोट लागल्यावर गोड तोंडात धरवत नाही. हातांना लावायला खोबरेल मात्र जरूर द्या, दोराने तळवे सोलतात.