वाचकांचे प्रश्न: बिडाच्या खांबांवरची गिरणी

प्रश्न: इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या सॉल्टेअर गावात कालव्यालगतच्या जुन्या लोकर गिरणीत आता चित्रदालन आहे, असं वाचलं. यंत्रांसाठी बांधलेली इमारत अशा वापराला घेताना सांगाड्यावर कितपत विसंबता येतं? – एक वाचक, ठाणे

उत्तर: ही सॉल्ट्स मिल. टायटस सॉल्ट यांनी ती १८५३मध्ये, लीड्स-लिव्हरपूल कालवा आणि रेल्वे यांच्या मधोमध उभारली. लांबी ५४५ फूट. सांगाड्याची आखणी अभियंते विल्यम फेअरबेर्न यांची. गिरणी १९८६मध्ये बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर यांनी ती विकत घेऊन तिथे डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचं दालन सुरू केलं. पलीकडच्या काठावरच्या १८६८च्या न्यू मिलमध्ये आज घरं आणि कार्यालयं आहेत.

वजनाची काळजी सहसा नसते. कार्यालयाच्या मजल्याला दर चौरस मीटरला २५० ते ३०० किलो भार धरतात. यंत्रांसाठी बांधलेले मजले बहुधा त्याहून दणकट असतात. तरी मोजमाप आणि हिशेब केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पुस्तकांची कपाटं तर कार्यालयापेक्षा बरीच जड.

खरा धोका छिद्रं पाडण्यात आहे. अशा गिरण्यांत बिडाचे (ओतीव लोखंडाचे) खांब, त्यांवर बिडाच्या तुळया आणि दोन तुळयांमध्ये विटांची उथळ कमान असते. बीड दाब झकास पेलतं, ताणाला मात्र कच्चं. म्हणून जिथे ताण येतो ती तुळईची खालची पट्टी मुद्दाम रुंद ओतलेली असते. वातानुकूलनाचे नळ टांगायला नेमकं तिथेच भोक पाडलं, तर तडा तिथूनच सुरू होतो. वेल्डिंगही टाळावं. पट्टीला शिकंजा (क्लॅम्प) आवळून नळ टांगावेत. तुळयांना जोडणाऱ्या लोखंडी सळ्या आड येतात म्हणून कापू नयेत. कमानींचा बाजूला जाणारा रेटा त्या धरून ठेवतात. त्या गेल्या की तुळया फाकतात आणि कमानी बसतात.

दुसरी सर्रास होणारी चूक म्हणजे वालुकाश्माच्या भिंतींचे सांधे सिमेंटने भरणं. पाणी सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, मग दगडातच साठतं. थंडीत ते गोठलं की दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा रुंदीच्या दुपटीइतका खोल, हातछिन्नीने मोकळा करावा. ग्राइंडरने दगडाच्या कडा जातात. मग पाण्यात घट्ट होणारा चुना एक भाग, चांगली वाळू अडीच ते तीन भाग. तापमान ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम थांबवावं आणि नवे सांधे ओल्या गोणपाटाने झाकून काही दिवस हळूहळू वाळू द्यावेत. घाई केली की चुना भुसभुशीत होतो.

प्रश्न: कालव्याला लागून असल्यामुळे तळघरात ओल येत असेल ना?

उत्तर: येऊ शकते, पण आधी वर बघा. विणकामाच्या शेडवर करवती दात्यांसारखी छपरं असतात, त्यांच्या मधल्या पन्हाळ्यांत पानं तुंबली की पाणी भिंतीत उतरतं. वर्षातून निदान दोनदा त्या साफ कराव्यात. तळघराच्या भिंतीला आतून जलरोधक रंग फासू नये. ओल अडून आणखी वर चढते. कालव्याच्या भिंतीला हात लावायचा असेल, तर तिथे कालव्यांची देखभाल करणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेची परवानगी आधी लागते.