धनगरांकडून आणलेली दख्खनी मेंढीची काळी, कच्ची लोकर टकळीवर सूत कातण्यासाठी घरी कशी धुवावी? वॉशिंग मशीनमध्ये चालेल का?

मशीनमध्ये मुळीच घालू नका. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट गठ्ठा होतो. कोल्हापूरकडे जेन, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेलं जाड अंथरूण, करतात ते लोकरीच्या याच गुणावर. पण तुम्हाला टकळीवर सूत कातायचं आहे, त्यामुळे धुताना चोळायचं नाही, पिळायचं नाही आणि वरून नळाची धार सोडायची नाही.

यूट्यूबवर दाखवतात ती बहुतेक मेरिनो जातीच्या मेंढीसारखी तेलकट लोकर असते. तुमच्याकडची दख्खनी मेंढीची काळी लोकर जाडीभरडी, तेलाला कमी. तिच्यात खरा त्रास माती, कुसळं आणि गोखरूंचा, आणि तो पाण्याने सुटत नाही. म्हणून निम्मं काम कोरडंच करा. अंगणात कागद पसरून लोकर झटका, पुंजके बोटांनी मोकळे करा, लेंड्या चिकटलेला भाग सरळ टाकून द्या. तोंडाला फडकं बांधा आणि हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. कातरण्याआधी मेंढ्या ओढ्यावर धुतल्या होत्या का, हेही धनगरांना विचारून घ्या. धुतल्या असतील तर तुमचं बरंच काम वाचलं.

मग पसाभर लोकर कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी झालेलं दिसेल. ते झाडांना घाला, मोरीत ओतलंत तर गाळाने पाइप तुंबतो.

आता गरम पाणी. उकळतं आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं घेतलं की ते साधारण 60 अंशांवर येतं. त्यात रिठ्याचं पाणी मिसळा. सोडा किंवा कपड्यांची पावडर नको, तिच्यातला क्षार तंतू खातो. पिशवी अलगद दाबून बुडवा आणि वीसेक मिनिटं हात लावू नका. पाणी पार निवायच्या आत पिशवी बाहेर काढा, नाहीतर सुटलेलं तेल परत लोकरीवर बसतं. नंतर तितक्याच गरम साध्या पाण्यातून दोनदा काढा. गरमातून एकदम गारात घातली की लोकर आवळते.

काळ्या लोकरीचा मळ रंगावरून कळत नाही, पाण्यावरून कळतो. शेवटचं पाणी नितळ दिसलं की थांबा. केसांची टोकं तांबूस दिसली तर ती घासत बसू नका, तो मळ नाही, उन्हाने उडालेला रंग आहे.

पाणी काढायला टॉवेलात गुंडाळून दाबा. सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर पिशवीसकट नुसत्या ड्रायरमध्ये फिरवायला हरकत नाही. मग सावलीत, वारं खेळेल अशा जाळीवर पसरा. वाळलेला पुंजका बोटांत चुरून पाहा. कचकच लागली तर पुन्हा एक धुणं द्या. मेंढीचा थोडा वास राहतो, तो राहू द्या. फक्त पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात भरू नका, आणि भरताना कडुनिंबाचा वाळका पाला घाला. कसर लागली की सगळी मेहनत वाया जाते.