साडेतीन पौंडांचे भुईभाडे आणि साडेचार हजारांचे पत्र

प्रश्न : आम्ही पती-पत्नी २०२३ पासून इंग्लंडच्या उत्तरेकडील बर्नली या गावी राहतो. मी नर्स आहे. पती नोकरीसाठी रेल्वेने मँचेस्टरला ये-जा करतात. मँचेस्टरमधील घरे आवाक्याबाहेरची वाटल्याने आम्ही येथे १,१८,००० पौंडांना गिरणीकाळातील रांगेतले एक घर कर्ज काढून घेतले. घर लीजहोल्ड आहे, म्हणजे घर आमचे, पण खालची जमीन दुसऱ्याची आणि दीर्घ पट्ट्याने घेतलेली. पट्टा १८९६ पासून ९९९ वर्षांचा असून भुईभाडे (जमिनीचे भाडे) वर्षाला ३ पौंड १० शिलिंग, म्हणजे आजचे साडेतीन पौंड आहे. दोन वर्षे कोणी काही मागितले नाही. आता जमीन विकत घेतलेल्या एका कंपनीचे पत्र आले आहे. सहा वर्षांचे भुईभाडे २१ पौंड, उशिराचा आकार ७२ पौंड, त्यांच्यामार्फत घराचा विमा न उतरवल्याबद्दल ३१० पौंड आणि मागील अंगणात विनापरवाना बांधलेल्या स्वयंपाकघराबद्दल १,२५० पौंड सात दिवसांत भरावेत, अन्यथा पट्टा रद्द करून घर ताब्यात घेऊ, असे त्यात म्हटले आहे. ४,५०० पौंडांना जमीन विकत घेतल्यास सर्व प्रकरण मिटवू, असाही प्रस्ताव आहे. स्वयंपाकघर आधीच्या मालकांनी १९९०च्या सुमारास बांधले होते. पतींनी दिलगिरीचा ईमेल लिहून ठेवला आहे. नेरुळला राहणारा माझा भाऊ म्हणतो, सिडकोची ट्रान्सफर फी भरतो तसे भरून मोकळे व्हा. काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम तो ईमेल पाठवू नये. आपल्या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका कंपनीच्या पत्रात नाही, तो त्या दिलगिरीत आहे. २००२ च्या कॉमनहोल्ड अँड लीजहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्टच्या कलम १६८ नुसार, भाड्याव्यतिरिक्त इतर अटीच्या भंगावरून पट्टा रद्द करण्याची नोटीसही जमीनमालकाला थेट काढता येत नाही. भंग झाल्याचे आधी ट्रायब्युनलने (अशा वादांसाठीच्या न्यायाधिकरणाने) किंवा न्यायालयाने ठरवावे लागते, अथवा पट्टेदाराने स्वतः ते मान्य करावे लागते. ‘परवानगी घ्यावी लागते याची आम्हाला कल्पना नव्हती, क्षमस्व, हप्त्याने पैसे भरू’ असे आपण सौजन्याने लिहिले, तर जे त्यांना पुराव्यानिशी सिद्ध करावे लागले असते, ते आपणच त्यांच्या हाती लिहून दिल्यासारखे होईल.

आपल्या बंधूंची तुलना समजण्यासारखी आहे, पण ती येथे लागू पडत नाही. सिडको ही सरकारी संस्था आहे आणि तिचे हस्तांतरण शुल्क तिच्या जाहीर धोरणानुसार आकारले जाते. आपल्याला पत्र पाठवणारी कंपनी खासगी आहे. १८९६ च्या दस्तात जे लिहिले आहे आणि संसदेने त्यावर जी बंधने घातली आहेत, त्यापलीकडे तिला एका पेनीचाही अधिकार नाही. लँकशरमधील जमीनदारांनी गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात बांधकाम करणाऱ्यांना अशा दीर्घ पट्ट्यांवर जमिनी दिल्या, म्हणून आजही देशातील लीजहोल्ड घरांचे प्रमाण वायव्य इंग्लंडमध्ये विशेष आढळते. वर्षाला साडेतीन पौंड मिळवण्यासाठी अशा जमिनी आज कोणी विकत घेत नाही. कमाई असते ती परवानगीच्या शुल्कांत, विम्याच्या दलालीत आणि घाबरलेल्या घरमालकाला जमीन चढ्या भावाने विकण्यात. आपल्या पत्रात तिन्ही गोष्टी हजर आहेत.

आता भुईभाड्याकडे वळू. त्याच कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे दीर्घ पट्ट्याचे भाडे विहित नमुन्यातील नोटीस आल्याशिवाय देय होत नाही, आणि त्या नोटिशीतील भरण्याची तारीख नोटीस दिल्यापासून ३० दिवसांच्या आत किंवा ६० दिवसांच्या पुढे असू शकत नाही. ‘सात दिवसांत भरा’ म्हणणारे पत्र ही अशी नोटीस नव्हे. म्हणजे आज आपण एका पौंडाच्याही थकबाकीत नाही, आणि जे देयच झाले नाही त्याला उशीर झाल्याचे ७२ पौंड लावता येत नाहीत. भुईभाडे आता बंद झाले आहे, असे कोणी सांगितले तर मात्र त्यावर विसंबू नये. २०२२ चा भुईभाड्याचा कायदा ३० जून २०२२ पासून झालेल्या नव्या पट्ट्यांपुरता आहे, १८९६ च्या पट्ट्याला तो हात लावत नाही. विहित नोटीस आली, तर २१ पौंडांवर वाद न घालता ते मुदतीत भरावेत आणि पावती मागावी. हे मी रक्कम क्षुल्लक आहे म्हणून सांगत नाही. २००२ च्याच कायद्याच्या कलम १६७ प्रमाणे ३५० पौंडांपर्यंतच्या थकबाकीसाठी पट्टा रद्द करता येत नाही, परंतु त्यातील कोणतीही रक्कम देय होऊन तीन वर्षे उलटली असतील तर हे संरक्षण उरत नाही. रक्कम हास्यास्पद वाटते म्हणून रीतसर आलेली नोटीस खणात टाकून देणारे लोक नेमके येथे अडकतात.

विम्याची मागणी तितकीशी अवघड नाही. घर जमीनमालकाने नेमलेल्या किंवा मान्य केलेल्या कंपनीकडेच विम्यासाठी न्यावे, अशी अट दस्तात असली तरीही कलम १६४ नुसार आपल्याला अन्य अधिकृत कंपनीकडे विमा उतरवता येतो. मात्र त्या विम्यात आपल्याबरोबर जमीनमालकाचेही हितसंबंध अंतर्भूत हवेत, दस्तात नमूद केलेले धोके व रक्कम भरून निघायला हवी, आणि पॉलिसी घेतल्यापासून किंवा तिचे नूतनीकरण झाल्यापासून १४ दिवसांत विहित नमुन्यात ‘विमासंरक्षणाची सूचना’ त्यांना द्यायला हवी. त्यांनी मागितल्यासही पुन्हा १४ दिवसांत द्यावी लागते. कर्ज देणाऱ्या बँकेने आपल्याकडून इमारतीचा विमा उतरवून घेतलेला असणारच. ती पॉलिसी काढून या निकषांवर तपासावी आणि सूचना तातडीने पाठवावी.

स्वयंपाकघराच्या १,२५० पौंडांसाठी मूळ दस्त वाचल्याखेरीज गत्यंतर नाही. जमीन नोंदणी कार्यालयाकडून मालकीच्या नोंदीची प्रत ७ पौंडांत ऑनलाइन मिळते. पट्ट्याची प्रत तेथे असल्यास तीही मागवावी, अन्यथा घरखरेदीच्या वेळच्या सॉलिसिटरच्या (वकिलाच्या) फाइलमध्ये ती शोधावी. त्या काळचे दस्त बोरूच्या वळणदार अक्षरात, विरामचिन्हांशिवाय लिहिलेले असतात. ते वाचताना डोळे दुखतात, पण त्या दुखण्याचे मोल आपल्या बाबतीत १,२५० पौंड आहे. अशा अनेक दस्तांत भाडे, दुरुस्ती आणि विमा यांपलीकडे फारसे काही नसते. बदलासाठी परवानगी घेण्याचे कलमच नसेल, तर शुल्काचा प्रश्नच उद्भवत नाही. कलम असले तरीही तीन गोष्टी आपल्या बाजूच्या आहेत. दस्तातील अटीच्या भंगाबद्दल पैशाचा दावा सामान्यतः बारा वर्षांत करावा लागतो, आणि हे बांधकाम त्याहून कितीतरी जुने आहे. तो भंग असलाच तरी आपण येण्यापूर्वी, एकदाच घडून संपलेला आहे, आणि अशा भंगाची माहिती असताना जमीनमालकाने भाडे मागितले तर त्या कारणाने पट्टा रद्द करण्याचा हक्क त्याने सोडला, असे म्हणता येते. कंपनीने तर एकाच पत्रात भंगाचा आरोपही केला आहे आणि भाडेही मागितले आहे! शिवाय परवानगीचे शुल्क वाजवी असेल तेवढेच देय होते, आणि मागणीसोबत पट्टेदाराच्या हक्कांचा विहित सारांश जोडलेला नसेल तर ते रोखून धरता येते. वाजवीपणाचा निर्णय फर्स्ट-टियर ट्रायब्युनलचा प्रॉपर्टी चेंबर देतो; त्याचे उत्तर विभागाचे कार्यालय मँचेस्टरमध्येच आहे.

आता त्या ४,५०० पौंडांविषयी. जमीन विकत घ्यावी, असे माझेही मत आहे. परंतु या भावाने नव्हे. १९६७ चा लीजहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्ट आपल्याला ती सक्तीने विकत घेण्याचा हक्क देतो. त्यासाठी घर दोन वर्षे नावावर असण्याची अट ३१ जानेवारी २०२५ पासून रद्द झाली आहे. पट्टा २८९५ साली संपणार असल्याने कंपनीला घर परत मिळण्याच्या आशेची आजची किंमत जवळजवळ शून्य आहे. उरते ते वर्षाला साडेतीन पौंडांचे उत्पन्न, आणि सहा-सात टक्के दराने त्याचे भांडवली मूल्य पन्नास ते साठ पौंड भरते. त्यात सध्याच्या नियमाप्रमाणे कंपनीचा वाजवी कायदेशीर व मूल्यांकनाचा खर्च आणि आपल्या सॉलिसिटरची फी मिळवावी लागेल, म्हणजे जमिनीपेक्षा कागद महाग पडतील. तरीही एकूण आकडा ४,५०० च्या बराच खाली राहावा. दाव्याची नोटीस दिल्यावर कंपनीला दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागते, आणि किमतीवर एकमत न झाल्यास तीही ट्रायब्युनलच ठरवते. ही नोटीस मात्र स्वतः भरू नये. लीजहोल्डची कामे नेहमी करणाऱ्या सॉलिसिटरकडून ती काढून घ्यावी. तत्पूर्वीच्या प्राथमिक सल्ल्यासाठी शासनाच्या निधीवर चालणारी लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस विनामूल्य आहे.

या आठवड्यात कंपनीला एकच छोटे पत्र पाठवावे. भुईभाड्याची विहित नोटीस आल्यास ते भरू, अन्य मागण्या आम्हाला मान्य नाहीत, प्रत्येक शुल्क दस्तातील कोणत्या कलमाखाली मागितले आहे ते कळवावे, आणि जमिनीची मालकी कंपनीकडे आल्याचा पुरावा पाठवावा, एवढेच त्यात लिहावे. स्वयंपाकघर कोणी, केव्हा बांधले याचा त्यात उल्लेखही नको. त्याच दिवशी या पत्राची प्रत आपल्या बँकेलाही पाठवावी. अशा कंपन्या पट्टेदार दाद देत नाही असे दिसताच कर्ज देणाऱ्या बँकेला लिहितात, आणि तारण धोक्यात येईल या भीतीने बँक काही वेळा परस्पर पैसे भरून ती रक्कम कर्जात मिळवते. मागण्या अमान्य असल्याचे बँकेच्या दप्तरी आधीच नोंदलेले असेल, तर तसे करण्यापूर्वी ती आपल्याला विचारील.