हिरवा दाणा तपकिरी का होतो?

प्रश्न : ज्वालामुखीच्या काळ्या दगडात काचेसारखे हिरवे दाणे दिसले. हा पाचू का? आणि त्याच दगडाच्या बाहेरच्या अंगाला विटकरी दाणे आहेत, ते कसले? माझा मुलगा म्हणतो, ही दोन वेगळी खनिजं आहेत.

उत्तर : पाचू नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. पाचूला बेरिलियम लागतं, आणि बेसॉल्टच्या, म्हणजे अशा काळ्या दगडाच्या, लाव्हात ते नावापुरतंच असतं. तुमचे दाणे बहुधा ऑलिव्हीनचे आहेत : मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढाच संसार. हिरवा रंग त्यातल्या लोहाचा. हेच खनिज मोठं आणि नितळ मिळालं की जवाहिरे त्याला पेरिडॉट म्हणतात.

आता मुलाचं म्हणणं. त्याला हसू नका, कारण कॉलेजात असताना मीही हेच केलं होतं. सहलीहून आणलेल्या दगडासमोर वहीत ऐटीत लिहिलं : ‘हिरवे – ऑलिव्हीन, तांबूस – गार्नेट’. सरांनी वही वाचली, काही न बोलता हातोडी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “फोड.” दगड दुभंगला. ताज्या अंगावर मुगाएवढा एक दाणा होता. मधे बाटलीच्या काचेसारखा हिरवा, कडेला विटकरी आणि त्या कडेपासून आत गेलेल्या केसासारख्या तांबड्या रेषा. भिंगाखाली तो दाणा मी किती वेळ पाहत बसलो, आठवत नाही. गार्नेट मात्र लगेच खोडलं.

त्या रेषा म्हणजे तडे. ऑलिव्हीन ठरावीक पातळीवर सरळ फुटत नाही, काचेसारखं वेडंवाकडं तडकतं. त्या तड्यांतून पाणी आत शिरतं. या खनिजात सिलिकॉन-ऑक्सिजनचे गट सुटेसुटे असतात, एकमेकांचा हात न धरलेले. त्यांना सांधून ठेवतात ते मॅग्नेशियम आणि लोह. पाणी मॅग्नेशियम काढून नेतं, मागे राहिलेलं लोह गंजतं आणि चिकणमातीची खनिजं व लोहाची ऑक्साइडं यांचं एक विटकरी मिश्रण तयार होतं. त्याला इडिंगसाइट म्हणतात. नाव खनिजासारखं असलं तरी ते एक खनिज नव्हे, खिचडी आहे. कधी कधी तर लाव्हा निवत असतानाच गरम वाफेनं ही खिचडी शिजायला लागते, ऊनपावसाची वाटही पाहत नाही.

सुरुवात बरेचदा कडेपासून होते, त्याचंही कारण आहे. शुद्ध मॅग्नेशियमचं ऑलिव्हीन १८९० अंश सेल्सिअसला वितळतं, शुद्ध लोहाचं १२०५ अंशांना. त्यामुळे शिलारस निवताना आधी मॅग्नेशियमनं भरलेला गाभा जमतो आणि वाढत्या दाण्याच्या कडेला लोहाचं प्रमाण चढत जातं. म्हणजे गंजायचा माल पाणी जिथे आधी पोचतं तिथेच अधिक! बेसॉल्टमध्ये सर्वांत आधी जन्मणाऱ्या खनिजांतलं हे एक, आणि उघड्यावर आल्यावर सर्वांत आधी बिघडणाऱ्यांतलंही हेच.

एक खातरजमा मात्र करा. दगडातल्या पोकळ्यांच्या आत हिरवा लेप असेल तर ते ऑलिव्हीन नव्हे. तिथे सेलाडोनाइटसारखी मऊ, मातकट खनिजं मागाहून बसतात आणि नखानंही खरवडली जातात. ऑलिव्हीनचा ताजा दाणा खडकातच रुतलेला असतो आणि चाकूच्या पात्याला दाद देत नाही. मुलाला दगड फोडू द्या, पण डोळ्यांवर चष्मा असू दे. कपच्या काचेसारख्याच उडतात.

प्रश्न : ऑलिव्हीन इतकं नाजूक, तर हवाईत त्याच्या वाळूचा हिरवा किनारा कसा टिकतो?

उत्तर : टिकत नाही, भरला जातो. पापाकोलेआचा तो किनारा पुऊ महाना नावाच्या जुन्या ज्वालामुखी टेकडीच्या पायथ्याशी आहे, आणि समुद्र ती टेकडी पोखरतो आहे. राखेचे हलके कण लाटा ओढून नेतात. ऑलिव्हीन पाण्याच्या सुमारे सव्वातीनपट जड, ते मागे राहतं. सुपात पाखडल्यासारखंच, फक्त इथे पाखडणारा समुद्र. मूठभर वाळू भिंगाखाली धरली तर हिरव्या दाण्यांत काळे दाणेही दिसतील. कडा ढासळत आहे तोवर नवा माल येत राहील. टेकडी संपली की हिरवा रंगही ओसरेल.